पडल्यानंतर पुन्हा घोड्यावर: अकरा आठवडे नुसती जमिनीवरच, हे बरोबर चाललंय का?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते. लांबण लागणार आहे, आधीच सॉरी.

लहानपणी बारा ते सोळा अशी चार वर्षं मी घोडेस्वारी शिकले. मग शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं, पंचवीस वर्षं तबेल्याचा वाससुद्धा घेतला नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी परत सुरू केलं आणि गंमत म्हणजे अंगाला सगळं आठवत होतं. महिन्याभरात ट्रॉट (दुडकी चाल), तीन महिन्यांत कँटर (त्याहून वेगाची, संथ दौड). मी हवेत. मग मागच्या वर्षी कँटरमध्ये घोडा कशाला तरी बुजला, तो आडवा वळला आणि मी सरळ गेले. कॉलरबोन मोडलं. हाड दहा आठवड्यांत जुळलं, डॉक्टर म्हणाले करा काय करायचं ते. पण आता तंगाचं (खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचं) बकल लावल्याचा आवाज आला की माझे तळहात ओले होतात. ठोकळ्यावर चढते, डावा पाय रिकिबीत जातो, उजवा जमिनीवरून सुटतच नाही. खरंच सुटत नाही हो, कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.

जुने सर म्हणाले पडल्यावर त्याच दिवशी बसायचं असतं, तू वेळ घालवलास. आता ज्या मॅडमकडे जाते त्या म्हणाल्या बसायचं नावच काढायचं नाही, आधी दोर हातात घे आणि घोडी चालव. अकरा आठवडे झाले, मी चालवतेय, थांबवतेय, मागे सरकवतेय, खरारा करतेय. मला आवडतंय आणि तिथेच शंका येतेय. हे शिकणं आहे की मी पळवाट काढलीय? नवरा रोज विचारतो, घोड्याला फिरवून आणायचे पैसे आपण द्यायचे?

घोडनवरा
घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे. तुमच्या मॅडम बिरबलाच्या घराण्यातल्या दिसतात. (ह.घ्या.)

मांडठोक
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोहायला काठावर बसून येत नाही. मी तीस वर्षं बसतोय, किमान पंधरा वेळा पडलोय, दर वेळी धूळ झटकून परत वर. भीती मुरायला वेळ दिला की ती घर करते. तुमच्या जुन्या सरांचं बरोबर होतं. अकरा आठवडे दोर धरून चालणं म्हणजे घोड्याचा व्यायाम, तुमचा नाही. मांड पक्की असेल तर घोडा बुजला तरी माणूस पडत नाही आणि मांड पक्की होते ती खोगिरावर, खाली उभं राहून नाही.

डॉक्टरीणबाई
@मांडठोक, "त्याच दिवशी परत वर" हा सल्ला कृपा करून सरसकट देऊ नका. डोक्याला मार बसलाय की नाही हे त्या क्षणी पडलेल्यालाही कळत नसतं, अॅड्रेनलिनमध्ये मोडलेलं हाडसुद्धा दुखत नाही. मी तुटलेल्या मनगटाने अर्धा तास रपेट करून आलेले पेशंट पाहिलेत. कन्कशनची (मेंदूला हादरा बसल्याची) शंका असेल तर त्या दिवशी घोड्याचं नाव काढायचं नाही, दुसऱ्यांदा डोकं आपटलं तर प्रकरण फार वेगळं होतं.

आणि ताई, ज्या हेल्मेटवर पडलात ते बदललंत ना? बाहेरून ओरखडा नसला तरी आतला फोम एकदा दबला की परत फुगत नाही, पुढच्या वेळी तो काही शोषणार नाही.

सांजवेळ
हेल्मेट बदललं. जुनं माळ्यावर आहे, टाकवत नाही. का ते विचारू नका.

रिकामटेकडा
माळ्यावर ठेवलंय म्हणजे घोडं अजून पेंड खातंय तिथेच. ते आधी फेका.

खुंटा_दोर
मी तबेल्यातच काम करतो, रोजचे चौदा घोडे. मांडठोक काका, तुमच्या मांडीबद्दल आदर आहे, पण खाली उभं राहून काही होत नाही हे साफ चूक. नवीन माणूस आला की मी त्याला आधी दोर देतो आणि दहा पावलं चालायला सांगतो, बास, त्यात सगळं कळतं. माणूस थांबला आणि घोडा आणखी चार पावलं पुढे गेला, तर वर बसल्यावरसुद्धा तो घोडा याचं ऐकणार नाही. माणूस दोर पंज्याला गुंडाळून धरत असेल तर तो घाबरलेला आहे आणि धोक्यातही आहे (दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही, घडी घालून धरायचा, घोडा उधळला तर बोटं राहायला हवीत).

ताई, तुमच्या मॅडम काय करून घेतायत ते सविस्तर लिहा. ग्राउंडवर्क (खाली उभं राहून घोड्याबरोबर करायचं काम) म्हणजे नुसतं फिरवणं असेल तर नवऱ्याचं बरोबर आहे. ग्राउंडवर्क म्हणजे संवाद असेल तर ते वेगळं. मागे सरकवताना दोर किती हलवावा लागतो? पहिल्या दिवशी किती आणि आता किती?

सांजवेळ
@खुंटा_दोर, हे कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी दोर अक्षरशः झटकावा लागायचा, तरी घोडी (गुलाब नाव, कुमेत रंग, कपाळावर चांदणी, स्वभाव सासूचा) माझ्याकडे बघत जांभई द्यायची. मॅडम म्हणाल्या तू दाब देतेस पण सोडत नाहीस, तिने पाऊल उचलायचा नुसता विचार केला तरी त्या क्षणाला दोर ढिला कर. तिचं वजन मागे झुकतं ते दिसायलाच मला तीन आठवडे लागले. खांद्यापाशी आधी एक बारीक थरथर येते, मग पाऊल. आता मी श्वास सोडून छाती थोडी पुढे केली की ती मागे जाते, दोर हलतसुद्धा नाही. हे लिहिताना मलाच बरं वाटतंय.

खुंटा_दोर
मग तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंत की. चालू ठेवा.

चुकार_वासरू
वाखूसा (वाचनखूण साठवली). मला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही पण स्कूटीवरून पडल्यापासून वळण आलं की माझंही असंच होतं.

घोडनवरा
स्कूटीला मागे सरकवायला श्वास सोडून बघ :)

बुद्धू_पंडित
घोड्याला माणसाचं अंग किती बारीक वाचता येतं यावर एक जुना किस्सा. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, गणितं सोडवायचा, टापा मारून उत्तर द्यायचा. 1904 मध्ये त्याच्यावर चौकशी समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. 1907 मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उलगडा केला. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडा नापास. म्हणजे त्याला गणित येत नव्हतं, माणूस येत होता.

त्यामुळे "घोड्याला भीती दाखवू नका" हा सल्ला मला निरर्थक वाटतो. लपणारच नाही. त्यापेक्षा ती कमी करा.

टिकलीची_आई
@बुद्धू_पंडित, याच्याशी जोडलेला एक स्वीडनमधला प्रयोग, 2009 सालचा. माणसांना घोडा घेऊन ठरावीक अंतर चार वेळा जायला लावलं, कधी दोर धरून, कधी वर बसून. चौथ्या फेरीआधी सांगितलं की आता वाटेत छत्री उघडणार आहोत. छत्री कुणी उघडलीच नाही, पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. बिचाऱ्या घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं!

माझा अनुभव: मी पडले नव्हते, नुसती बाळंतपणानंतर परत गेले आणि घाबरले. आधी कधी नव्हते. डोक्यात एकच, मला काही झालं तर हिचं कोण. त्यावर कुठलं ग्राउंडवर्क चालत नाही, ते वेगळं दुखणं आहे. पण लंजवर बसले ते कामी आलं. लगाम माझ्या हातात नाही, घोडा सरांच्या लांब दोरावर गोल फिरतोय, मी डोळे मिटून फक्त सांगायचं, आता मागचा डावा पाय पडला, आता उजवा. चालीत चार ठोके असतात, ट्रॉटमध्ये दोन, कँटरमध्ये तीन. ते मोजायला लागलं की डोकं दुसरं काही करू शकत नाही. शिकवणीचे सहा तास असे लंजवर काढले. सातव्या तासाला सरांनी न सांगता ट्रॉट लावला आणि मी मोजतच राहिले.

मांडठोक
आता हे बरोबर. लंज म्हणजे बसणंच झालं की. मी हेच म्हणतोय.

रिकामटेकडा
काका, तुम्ही हे म्हणत नव्हतात. आपलंच घोडं दामटू नका.

मांडठोक
बरं, थोडं मागे घेतो. डॉक्टरीणबाईंचा मुद्दाही मान्य. आमच्या वेळी पडला की उस्ताद वर बघायचे सुद्धा नाहीत, "घोडा पकड" एवढंच. त्यातून जे टिकले ते आज बोलतायत, जे सोडून गेले ते बोलायला इथे नाहीत. हे आज लिहिताना लक्षात आलं.

दुपारचा_चहा
सोडून गेलेल्यांपैकी मी. हजर.

अठ्ठेचाळीस वय, दोनदा पडले, दुसऱ्यांदा पाठीच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर. बरी झाले, ग्राउंडवर्क केलं, लंज केलं, दीड वर्ष प्रयत्न केला आणि एक दिवस ठरवलं की मला वर बसायचं नाहीये. भीतीमुळे नाही, भीती बऱ्यापैकी गेली होती. मला खालचंच जास्त आवडायला लागलं. आता आठवड्यातून दोनदा जाते, एका म्हाताऱ्या घोड्याला लांब दोरावर काम देते, खूर साफ करते, खोगीर नसलेल्या पाठीवर हात ठेवून उभी राहते. लोक विचारतात, मग कधी बसणार? जसं काही बसणं म्हणजे पास आणि न बसणं म्हणजे नापास. सांजवेळ, तुला आवडतंय हेच तुला पळवाट वाटतंय, ते का ते बघ एकदा.

सांजवेळ
@दुपारचा_चहा, हे दोनदा वाचलं. मला मात्र बसायचं आहे. ते तुमचं वाचल्यावरच नक्की झालं, त्याबद्दल थँक्स. कँटरमध्ये कानावरून वारा जातो ना, ते मला हवंय.

अभ्यासू_पाल
माझं क्षेत्र मानसशास्त्र, घोडा नाही. भीतीच्या बाबतीत टाळणं भीतीला पोसतं हे खरं, म्हणून मांडठोक यांचं मूळ म्हणणं पूर्ण टाकाऊ नाही. पण एकदम खोल पाण्यात ढकलणं हाही उपाय नाही. पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर भीती थोडी वर जाऊन आपोआप खाली येईपर्यंत तिथेच थांबावं लागतं. भीती टिपेला असताना पळ काढलात तर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो.

तर सांजवेळ, प्रश्न असा: अकरा आठवड्यांत पायऱ्या चढताय की एकाच पायरीवर सतरंजी अंथरलीय? तंगाच्या बकलचा आवाज म्हणालात. तो आवाज ऐकून न बसता परत जायचं, असं कधी केलंय?

सांजवेळ
नाही. ग्राउंडवर्क आम्ही खोगिराशिवायच करतो. म्हणजे... अरेच्चा.

खुंटा_दोर
सापडलं! मॅडमशी बोला. खोगीर चढवून, तंग आवळून, तेच सगळं काम करा आणि खोगीर उतरवून घरी जा. आणि तंग एका दमात आवळू नका, एक भोक, मग चार पावलं, मग पुढचं भोक. गुलाब तंग आवळताना कान मागे पाडते का? पाडत असेल तर स्वभाव सासूचा म्हणून सोडून देऊ नका, खोगीर नीट बसत नसेल, पाठ दुखत असेल, पोटात अल्सरही असू शकतो. आधी तिला तपासून घ्या. तिची तक्रार आणि तुमची भीती एकाच बकलला अडकलेली असायची.

चुकार_वासरू
हे शेवटचं वाक्य भारी.

बुद्धू_पंडित
अवांतर: आमच्याकडे सांगतात की घोड्याने डाव्या डोळ्याने पाहिलेलं उजव्या डोळ्याला कळत नाही, म्हणून परत येताना तोच ड्रम बघून बुजतो. खरंय का?

टिकलीची_आई
ते तपासून झालंय, एका डोळ्याने शिकलेलं घोडे दुसऱ्या डोळ्यानेही ओळखतात. परत येताना ड्रम वेगळ्या बाजूने वेगळा दिसतो, उजेड वेगळा असतो, इतकंच. खरी गोम म्हणजे त्याला भोवतीचं जवळजवळ 350 अंश दिसतं, फक्त शेपटीच्या मागचं आणि अगदी कपाळासमोरचं नाही. म्हणून समोरून थेट नाकावर हात न्यायचा नाही, खांद्याकडून जायचं. आणि मागून जायचं तर एकतर पुठ्ठ्यावर (शेपटीच्या वरच्या मांसल भागावर) हात ठेवून चिकटून, नाहीतर चांगलं लांबून. मधलं अंतर लाथेचं.

घोडनवरा
ऑफिसात बॉसबाबतही हाच नियम पाळतो.

डॉक्टरीणबाई
वयाचा विषय मनात असेल तर: होकेत्सु नावाचे जपानी स्वार 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये होते आणि 2012 च्या लंडनमध्येही होते, वय 71. आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल, पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेले, 1952 मध्ये हेलसिंकीला ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) रौप्य, पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून. त्यांना घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. ठोकळ्यावर पाय अडकणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावं, मदत मागायला लाजायचं नाही.

मांडठोक
एक कामाची गोष्ट सांगतो, यावेळी नीट. वर बसल्यावर हातात "ब्रेक" आहे हे अंगाला माहीत असलं की भीती निम्मी होते. एका लगामाने घोड्याची मान हळू वळवून थांबवायचं, पण ते आधी खाली उभं राहून शिकवायचं, दोन्ही बाजूंनी, मग उभ्या घोड्यावर बसून, मग चालीत. घोडा भरधाव असताना पहिल्यांदा करायला गेलात तर तोल जाऊन दोघंही आडवे. आणि चालत्या घोड्यावरून उतरायचा सराव करा, दोन्ही पाय रिकिबीतून काढून. पडण्याची भीती असते, उतरण्याची नसते.

रिकामटेकडा
काका चक्क "खाली उभं राहून शिकवायचं" म्हणाले. स्क्रीनशॉट काढा कुणीतरी.

सांजवेळ
अपडेट. पाच आठवडे झाले मध्ये.

गुलाबची पाठ दाखवली, खोगिराची गादी एका बाजूला बसली होती, ती बदलली. कान मागे पाडणं पूर्ण गेलं नाही पण कमी झालं. तीन आठवडे नुसतं खोगीर चढव, तंग आवळ, काम कर, उतरव. पहिले चार दिवस तळहात ओले, पाचव्या दिवशी बकल लावून मी मॅडमशी कशावर तरी गप्पा मारत होते आणि घामाचं नंतर आठवलं. चौथ्या आठवड्यात ठोकळ्यावर चढून तिच्या पाठीवर पोटाने आडवी पडायची, पोतं टाकल्यासारखी, आणि उतरायचं. मुलगी बघायला आली होती, हसून लोळली.

काल मी बसले. उजवा पाय आपोआप गेला असं म्हणणार नाही, मॅडमनी घोट्याला धरून ढकलला. बसल्या बसल्या गुलाबने एक लांब फुर्रर्र केलं आणि मान खाली सोडली. मी मात्र श्वास घेऊन बसले होते. मॅडम म्हणाल्या सोड, ती सोडून मोकळी झाली. लंजवर तीन फेऱ्या, चालीत. तिसरीत मागचे पाय मोजले (@टिकलीची_आई). उतरताना गुडघे लटपटत होते, खाली आल्यावर दोर घेतला आणि तिला मागे सरकवलं, श्वासावर, दोर न हलवता. का केलं माहीत नाही, करावंसं वाटलं.

ट्रॉट नाही. कँटरचं तर नावच नाही. अभ्यासू_पाल यांच्या भाषेत सतरंजी गुंडाळली, पुढच्या पायरीवर अंथरली.

खुंटा_दोर
तिसऱ्या फेरीनंतर उतरलात ते लई भारी केलंत. चौथीची हाव सुटली असती तर मी धाग्यावर येऊन भांडलो असतो.

दुपारचा_चहा
कानावरच्या वाऱ्याचा फोटो निघत नाही, पण निघाला तर टाक.

घोडनवरा
गंगेत घोडं न्हालं म्हणू का?

सांजवेळ
घोट्यापर्यंत. आणि नवरा परवा दोर धरून दहा पावलं चालला. तो थांबला, ती चार पावलं पुढे गेली. मी काही बोलले नाही.

रिकामटेकडा
हेल्मेट?

सांजवेळ
माळ्यावरच आहे अजून. बघू.

नवा_गडी_12
पूर्ण धागा वाचला नाही, पण माझा सल्ला: पडल्यावर लगेच त्याच दिवशी परत बसायचं असतं, नाहीतर भीती कायमची बसते.

मांडठोक
पहिल्या पानावर जा बाळा. माझाच प्रतिसाद आहे, आणि त्याच्या खाली डॉक्टरीणबाई आहेत.

घोडनवरा
आलं, वरातीमागून घोडं आलं.